मोटारीचा फ्यूज आणि ढिला सांधा

दुखणे अंगावर काढू नये, असे आपण म्हणतो. गाडीतून येणारा करपट वासही अंगावर काढू नये. टॅक्सी असो, वडापची जीप असो, की घरची मोटार असो. डॅशबोर्डखालून प्लास्टिक करपल्याचा वास आला, की समजावे, वीज कुठेतरी नको तिथे तापते आहे. आज तो नुसता वास असतो. उद्या ऐन घाटात दिवे जातात. परवा धूर निघतो.

या धड्यात आपण तीन गोष्टी शिकू. फ्यूज कशासाठी असतो, सांधा का तापतो, आणि दोष कुठे आहे हे कसे ओळखायचे. त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. आकडा वाचता यावा, साधा गुणाकार-भागाकार यावा आणि नीट पाहण्याची सवय असावी, एवढे पुरे.

वीज कशी फिरते

मोटारीत बॅटरी असते. लहान मोटारी आणि जिपा यांची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. तिला दोन टोके असतात. एकावर अधिकची खूण असते, दुसऱ्यावर उण्याची. वीज अधिक टोकापासून निघते, तारेतून दिव्याकडे जाते, दिवा पेटवते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून उण्या टोकाकडे परत येते. या परतीच्या वाटेला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. जायची वाट आणि यायची वाट, दोन्ही पक्क्या असतील तरच दिवा नीट पेटतो.

तारेतून विजेचा ओघ किती वाहतो, हे अँपिअरमध्ये मोजतात. त्याचा हिशेब सोपा आहे. वॅटच्या आकड्याला व्होल्टच्या आकड्याने भागा. हेडलाइटचा बल्ब ६० वॅटचा आहे, बॅटरी १२ व्होल्टची आहे. ६० भागिले १२, उत्तर ५. म्हणजे एका दिव्याला ५ अँपिअर लागतात. दोन दिव्यांना १० अँपिअर. हा १० चा आकडा ध्यानात ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

फ्यूज म्हणजे काय

फ्यूज म्हणजे विजेच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. त्यात धातूची बारीक पट्टी असते. ओघ फार वाढला, की ही पट्टी आधी वितळते आणि वाट तुटते. पुष्कळांना वाटते, फ्यूज दिव्याला वाचवतो. तसे नाही. फ्यूज तारेला वाचवतो.

समजा, तारेवरचे प्लास्टिक घासून गेले आणि आतले तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले. मग वीज दिव्यापर्यंत जातच नाही. ती जवळच्या वाटेने सरळ बॅटरीकडे परतते. यालाच ‘शॉर्ट झाला’ असे म्हणतात. अशा वेळी ओघ एकदम इतका वाढतो, की तार लाल होईल. पण त्याआधीच फ्यूज वितळतो. स्वतः जळून तो गाडी वाचवतो.

जुन्या मोटारींत काचेच्या नळीतले किंवा चिनी मातीचे फ्यूज असत. चपट्या पात्यांचे फ्यूज १९७० च्या दशकात आले. आता मोटारींत बहुधा तेच असतात. त्यांना धातूचे दोन पाय असतात आणि वर रंगीत प्लास्टिक असते. रंगावरून आकडा कळतो, तो असा:

५ अँपिअर: बदामी
साडेसात अँपिअर: तपकिरी
१० अँपिअर: लाल
१५ अँपिअर: निळा
२० अँपिअर: पिवळा
२५ अँपिअर: पांढरा किंवा पारदर्शक
३० अँपिअर: हिरवा

पण नुसत्या रंगावर विसंबू नका. उष्णतेने रंग उडतो, धुळीने झाकतो. फ्यूजच्या डोक्यावर आकडा उठवलेला असतो, तो वाचा. फ्यूजच्या पेटीचे झाकण उलटे करून पाहा. कोणत्या जागी किती आकड्याचा फ्यूज हवा, याचा तक्ता पुष्कळ गाड्यांत तिथेच असतो. तिथे नसेल तर गाडीच्या पुस्तकात सापडतो. हे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. ते वळण ओळखायला शिकून घ्या. कोणी सांगितले म्हणून फ्यूज घालणे वेगळे आणि स्वतः आकडा वाचून घालणे वेगळे.

सांधा का तापतो

आता खरी अडचण पाहू. वडापच्या जिपेचा एक ड्रायव्हर गॅरेजात येतो आणि वायरमनला विचारतो:

“मिस्त्री, हेडलाइट मधेच मंद होतोय. पेटी उघडली तर फ्यूजच्या बुडाचं प्लास्टिक वितळलेलं. पण फ्यूज काही उडालेला नाही. आतली पट्टी अखंड आहे. मग पेटी जळाली कशानं?”

“दादा, फ्यूज हा दारावरचा पहारेकरी आहे. दारातून किती लोक गेले, तेवढंच तो मोजतो. आत कोपऱ्यात कुणी शेकोटी पेटवली, तर त्याला काय ठाऊक?”

“म्हंजे?”

“म्हंजे वीज जादा गेलीच नाही. रोज जाते तेवढीच गेली. पण वाटेत सांधा ढिला आहे. तिथं ती तापली.”

वायरमनचे बोलणे खरे आहे. विहिरीवर पोहरा सोडताना दोर मुठीतून सर्रकन सरकला, तर हात भाजतो. दोर मोकळा जात असेल, तर काही होत नाही. विजेचेही तसेच आहे. वाट रुंद आणि स्वच्छ असेल, तर ती सुखाने जाते. वाटेत अडथळा आला, की त्या जागी उष्णता निघते. फ्यूजचे पाय खाचेत घट्ट बसलेले असतील, तर धातूला धातू चांगला भिडतो. खाच ढिली झाली, तर तो एखाद्या ठिपक्याएवढ्या जागीच टेकतो. मग सगळ्या विजेला त्या ठिपक्यातूनच जावे लागते.

इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये या उष्णतेचा नियम प्रसिद्ध केला. तो असा: ओघाला ओघाने गुणा आणि आलेल्या उत्तराला अडथळ्याने गुणा. जेवढे उत्तर, तेवढी उष्णता. अडथळा ओहममध्ये मोजतात.

आपण हिशेब करून पाहू. दोन हेडलाइटचा ओघ १० अँपिअर. ढिल्या सांध्याचा अडथळा समजा ०.१ ओहम, म्हणजे एका ओहमचा दहावा भाग. १० गुणिले १० म्हणजे १००. त्याचा दहावा भाग १०. म्हणजे त्या सांध्यात १० वॅट उष्णता निघते.

१० वॅट म्हणजे किती? पार्किंगचा लहानसा बल्ब ५ वॅटचा असतो. थोडा वेळ पेटल्यावर तो हातात धरवत नाही. तसे दोन बल्ब बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या खाचेत कोंडून पेटवले, असे समजा. प्लास्टिक वितळेल, नाही तर काय होईल?

आणखी एक गोष्ट पाहा. त्या सांध्यात एक व्होल्ट वाया जातो. दिव्याला १२ ऐवजी ११ च मिळतात. म्हणून दिवा मंद होतो. वाटेत अडथळा आल्यामुळे ओघ वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. मग फ्यूज कशाला उडेल? त्याच्या हिशेबाने सारे ठीकच चालले आहे.

हे दुखणे आपोआप बरे होत नाही. ते वाढतच जाते. तापल्याने खाचेतल्या पितळी स्प्रिंगची पकड जाते. धातूवर काळा थर चढतो. त्यामुळे अडथळा वाढतो. अडथळा वाढला, की ताप वाढतो. ताप वाढला, की पकड आणखी ढिली होते.

सांधा बिघडण्याची कारणे अनेक आहेत. खराब रस्त्यावरचे हादरे हे एक कारण. फ्यूज वारंवार काढणे-घालणे हे दुसरे. पावसाळ्यात पेटीत पाणी शिरते. समुद्रकाठी खारी हवा लागते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. आणि कधी कधी आपणच जादा भार लादतो. ६० वॅटच्या जागी १०० वॅटचे बल्ब लावले, तर ओघ १० वरून साडेसोळाच्या वर जातो. जूल यांच्या नियमाने त्याच सांध्यातली उष्णता सुमारे पावणेतीन पट होते. उजेड वाढला म्हणून आपण खूश होतो. पेटी मात्र आतून करपत असते.

मोठा फ्यूज घालू नका

तापलेल्या खाचेत बसलेला फ्यूज स्वतःही तापतो. त्यामुळे कधी कधी तो आपल्या आकड्याच्या आतच उडतो. मग ड्रायव्हर म्हणतो, “हा १५ चा टिकत नाही. ३० चा टाकू.” काही लोक फ्यूजला तार गुंडाळतात. काही सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतात. दिवा लागतो, गाडी चालते. “चालतंय की!” असे म्हणून सगळे विसरून जातात.

पण झाले काय? फ्यूज बदलला, तार तीच राहिली. जी तार १५ अँपिअरच्या बेताने घातली होती, तिच्यातून आता ३० अँपिअर गेले तरी अडवणारा कोणी नाही. ओघ दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मग फ्यूजऐवजी तार जळते. ती सतरंजीखालून, पेट्रोलच्या नळीजवळून, कुठूनही गेलेली असते. फ्यूज थोड्या पैशांत मिळतो. गाडी थोड्या पैशांत मिळत नाही आणि आत बसलेली माणसे तर कोणत्याच किमतीला परत मिळत नाहीत.

फ्यूज काय सांगतो

काढलेला फ्यूज लगेच फेकू नका. तो उजेडात धरून पाहा.

पट्टी तुटली आहे आणि आत काजळी किंवा चमकलेल्याचा डाग आहे: बहुधा शॉर्ट आहे. तार कुठेतरी पत्र्याला टेकली आहे.

पट्टी हळूच वितळून तुटली आहे, काजळी फारशी नाही: भार थोडा जादा आहे, किंवा बसायची जागा तापते आहे.

पट्टी अखंड आहे, पण एक पाय तपकिरी-काळा झाला आहे किंवा बुडाचे प्लास्टिक मऊ पडले आहे: त्या पायाकडचा सांधा ढिला आहे.

पट्टी अखंड आहे, दोन्ही पाय स्वच्छ आहेत, तरी दिवा लागत नाही: फ्यूजचा दोष नाही. बल्ब, स्विच, कपलर आणि अर्थ तपासा.

दोष कसा शोधावा

गाडी मोकळ्या जागी उभी करा. किल्ली काढून घ्या. हातातली अंगठी, कडे, घड्याळ उतरवून ठेवा. पिवळ्या रंगाचे कपलर दिसले, तर त्यांना हात लावू नका. ते बहुधा एअरबॅगचे असतात. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीतल्या जाड नारिंगी तारांना तर कधीच हात लावू नका. त्यांत जिवाला धोका होईल इतका दाब असतो. ते काम शिकलेल्या माणसाचेच.

पहिले काम डोळ्यांचे आणि नाकाचे. पेटीवरचे प्लास्टिक कुठे तपकिरी झाले आहे? वास कुठे जास्त येतो? कोणता फ्यूज शेजाऱ्यांपेक्षा सैल बसला आहे? हेडलाइटच्या मागचा होल्डर, हीटर-पंख्याचा कपलर, बॅटरीची टोके आणि अर्थचे बोल्ट, या जागा विसरू नका.

दुसरे काम मापाचे. मल्टिमीटर व्होल्टवर लावा. ज्या दिव्याची तक्रार असेल तो पेटता ठेवा. मीटरची एक सुई सांध्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे टेकवा. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, ते याच कामाला येतात. एक सुई ठिपक्यावर, दुसरी त्याच बाजूच्या तारेच्या टोकावर. मीटरने ०.१ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाखवले, तर सांधा चांगला. ०.५ किंवा त्याहून जास्त दाखवले, तर सांधा वाईट. मीटर नसेल तर दिवे दहा मिनिटे चालू ठेवा, मग बंद करा आणि बोटाची मागची बाजू प्लास्टिकच्या जवळ न्या. कोणता सांधा शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापला, ते कळते.

शॉर्ट शोधायची रीत वेगळी आहे. उडालेला फ्यूज काढा. त्या वाटेवरच्या दिव्यांचे बल्बही काढून ठेवा. फ्यूजच्या जागी तार लावलेला २१ वॅटचा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. बल्ब झगझगीत पेटला, तर शॉर्ट नक्की आहे. आता एकेक कपलर सोडत जा. ज्या कपलरपाशी बल्ब विझेल, त्याच्या पुढच्या तारेत दोष आहे. अशा रीतीने पुन्हा पुन्हा फ्यूज जाळावे लागत नाहीत.

दुरुस्ती

दुरुस्तीआधी बॅटरीचे उणे टोक सोडा. लावताना ते सर्वांत शेवटी लावा. आधी अधिक टोक सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते.

नुसता वरवरचा गंज असेल, तर तो साफ करून भागते. पण जी पितळी पट्टी तापून काळी पडली, तिची पकड परत येत नाही. ती घासू नका, बदला. पक्कडीने दाबून घट्ट केलेली खाच थोडे दिवस टिकते आणि पुन्हा ढिली होते. तारेचे काळे पडलेले टोक कापा. आतले तांबे लालसर चकचकीत दिसेपर्यंत कापत जा. तारेच्या जाडीचे थिंबल घ्या आणि ते योग्य पक्कडीने दाबून बसवा. तारा पिळून वर टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. होल्डर वितळला असेल तर होल्डर नवा घाला. नवी तार जुनीहून बारीक असू नये. अर्थचा बोल्ट खोलून पत्रा साफ करा, मग कसा.

जादा दिवे लावायचेच असतील, तर त्यांना बॅटरीपासून वेगळी जाड तार, वेगळा रिले आणि बॅटरीजवळ वेगळा फ्यूज द्या. जुन्या वाटेवर नवा भार टाकू नका.

काम झाले, की दिवे दहा मिनिटे पेटते ठेवा आणि सांधा पुन्हा तपासा. तापत नसेल, तरच काम संपले.

धूर निघाला तर

गाडी बाजूला घ्या. किल्ली बंद करा. आधी माणसे उतरवा आणि लांब न्या. बॉनेट एकदम उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. कोरड्या भुकटीचे आग विझवायचे नळकांडे जवळ असेल आणि आग लहान असेल, तर ते वापरा. आग मोठी असेल तर सामानाचा लोभ धरू नका. लांब व्हा आणि अग्निशामक दलाला बोलवा.

एवढे सगळे वाचून दोनच वाक्ये ध्यानात राहिली, तरी आमचे काम झाले. फ्यूज उडाला, तर वीज जादा गेली का ते पाहा. फ्यूज शाबूत आहे आणि जागा तापते आहे, तर सांधा ढिला आहे. दोन्ही वेळा मोठा फ्यूज हे उत्तर नव्हे.

विचार करून सांगा

१. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर किती ओघ घेतील? भागाकार करून पाहा.
२. निळ्या फ्यूजच्या जागी हिरवा घातला, तर धोका कोणाला, फ्यूजला की तारेला?
३. पेटी वितळली पण फ्यूज उडाला नाही. का?
४. आपल्या गाडीच्या किंवा ओळखीच्या गाडीच्या फ्यूजच्या पेटीचे झाकण उघडा. हेडलाइटच्या जागी कोणता आकडा छापला आहे? आणि तिथे प्रत्यक्ष कोणता फ्यूज बसवला आहे? दोन्ही आकडे वहीत लिहा. ते सारखे नसतील, तर आजच बदला.